सेश्शूचं चित्र क्रॉप करू नका

'जॅपनीज झेन मिनिमलिझम' असं कुणी म्हणालं की माझं टाळकं सरकतं. आमच्या धंद्यात तर हा रोगच आहे. स्क्रीनवरची चार बटणं उडवली, मध्ये पांढरी जागा सोडली की झालं झेन! आणि प्रेझेंटेशनला हमखास सेश्शूचं १४९५ सालचं 'हाबोकु सान्सुई'. शाईचे काही फटकारे, धुकं, मागे पुसटसे डोंगर. शेजारी ओळ: कमीत कमी, उत्स्फूर्त.

अहो, तुम्ही बघताय तो फक्त खालचा भाग आहे! मूळ चित्र (भिंतीला टांगायचं, मग गुंडाळून ठेवून द्यायचं) जवळजवळ दीड मीटर उंच आणि रुंदीला फूटभर. वर अक्षरंच अक्षरं. आधी खुद्द सेश्शूचा मजकूर, त्याच्यावर सहा झेन भिक्षूंच्या कविता. नेटवर फिरणाऱ्या प्रतींत हे सगळं बहुतेक वेळा कापलेलं. मोकळ्या जागेची मजा जाते ना!

आणि कापलं काय? सेश्शू तेव्हा पंचाहत्तरीचा. सोएन नावाचा शिष्य शिकून परत निघालाय, गुरूच्या हातचं चित्र मागतोय. म्हातारा वर लिहून देतो, की मी गुरू शोधायला चीनला गेलो (१४६७ ते १४६९), शाईचं हे तंत्र तिथे शिकलो, पण परत आल्यावर कळलं की आपले जोसेत्सु आणि शूबुन किती थोर होते. थोडक्यात, हे सर्टिफिकेट आहे, गुरूंच्या नावांसकट. ओपन सोर्स कोडमधून कुणी मूळ लेखकांची नावं उडवली तर आपण केवढी बोंब मारतो! इथे मात्र खुशाल कात्री.

राहिलं ते 'उत्स्फूर्त'. काजळी आणि सरसाची ही शाई कागदात मुरली की संपलं, अनडू नाही. नीट बघा, त्या फटकाऱ्यांच्या पायथ्याशी गुत्त्याचं छप्पर आहे, त्याचं निशाण आहे, पाण्यात नाव आणि नावेत दोन माणसं. हे सहज सुचलं म्हणून होत नाही. याच माणसानं १४८६ मध्ये सुमारे १६ मीटर लांब गुंडाळीवर चारही ऋतू काढलेत, खडकांच्या कडा रेघ न् रेघ ओढून. तो हात आधी, हे फटकारे नंतर.

असो. मूळ चित्र तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि पूर्ण फोटो नेटवर मिळतो. वॉलपेपर करायचाच असेल तर तो करा. उभा आहे, मॉनिटरवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. येऊ देत.