तोल एकट्या पोरांनीच का सांभाळायचा?

कॉलेजातल्या मुलांना आपण सगळे एकच सल्ला देतो : वेळेचं नियोजन करा. मंगरूळपीरच्या बसस्टँडवर संध्याकाळी थोडा वेळ थांबलं की हा सल्ला किती तोकडा आहे ते कळतं. मांडीवर प्रॅक्टिकलची वही उघडून एखादी मुलगी आकृतीला नावं देत असते आणि गाडी आली की मान वर करून पाटी वाचते. आपली गाडी लागली की वही मिटायची, घरी पोचलं की स्वयंपाकाला लागायचं. तिचा दिवस कॉलेज, एसटी आणि घर यांनी आधीच वाटून घेतलेला असतो. म्हणून अभ्यास, नाती आणि मनाचं स्वास्थ्य यांचा मेळ घालणं ही गावाचीही जबाबदारी आहे.

१. सोंगणीचे दिवस वेळापत्रकात धरा.
मृगात पेरलेलं सोयाबीन साधारण १०० दिवसांत सोंगणीला येतं. नेमकं तेव्हाच पहिलं सत्र अंतर्गत परीक्षा आणि सबमिशनपर्यंत पोचलेलं असतं. आभाळ भरून आलंय आणि मजूर मिळत नाहीत, अशा वेळी घरचा पोरगा विळा हातात घेणारच. हिशेब करून पाहा. ९० दिवसांच्या सत्रात ७५ टक्के हजेरी धरली, तर २२ दिवसांची मुभा उरते. सोंगणी-मळणीत १२ गेले की आजारपण, लग्नकार्य आणि चुकलेली गाडी यांना उरतात १०. त्या पंधरवड्यात सबमिशन ठेवू नये. बुडालेली प्रॅक्टिकलं नंतर भरून घ्यावीत.

२. गाडीची वेळ कॉलेजच्या वेळेशी जुळवा.
बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. पण शेवटचा तास संपण्याआधीच गावाकडची गाडी सुटत असेल, तर या सवलतीचं करायचं काय? शेलूबाजार, आसेगाव या बाजूंच्या गाड्यांबाबत आगार आणि प्राचार्यांनी दर सत्राआधी एकत्र बसावं.

३. मैत्रीला जागा द्या.
तास संपला की स्टँड गाठायचं, या घाईत दोस्ती होणार कधी? एखाद्याचं जेवण तुटलंय, बोलणं कमी झालंय, हे घरच्यांच्याही आधी मित्राच्या ध्यानात येतं. नगरपरिषदेने स्टँडजवळ एक वाचनखोली द्यावी. उजेड, पंखा, पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी स्वच्छ शौचालय एवढं पुरे.

४. आईवडिलांनो, धाकापेक्षा विश्वास ठेवा.
वर्गातल्या मुलाशी बोलताना दिसली म्हणून मुलीचं कॉलेज बंद करण्याची भीती घालू नका. या भीतीने मुलगी लपवायला शिकते, आणि खरोखर संकट आलं तेव्हाही घरी सांगत नाही. घरकामही भाऊ-बहिणीत वाटून द्या. परीक्षा दोघांचीही असते.

५. समुपदेशक हा हक्क आहे.
सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असं त्यात आहे. आपल्या कॉलेजात तो कोण, कुठे बसतो, हे प्रत्येक पालकाने विचारावं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक वर्गावर्गात लावावा. मराठीत बोलता येतं, रात्रीही बोलता येतं.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. पुढच्या जूनमध्ये, पेरणीच्या धावपळीआधी, प्राचार्य, आगारप्रमुख, नगरपरिषद, पालक आणि मुलं यांची एक बैठक व्हावी. आणि त्या बैठकीत पहिल्यांदा बोलू द्यावं ते स्टँडवर वही उघडून बसणाऱ्या त्या मुलीला.