मामाची लेन्स, कॅमेरा कुणाचा?

दोस्तांनो, नालासोपाऱ्याहून नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिच्या मामाने निकॉनची जुनी लेन्स तिला दिली आहे, एएफ ५० मिमी, एफ १.८ डी. दोन वर्षं साठवलेल्या पैशांत बाबा थोडी भर घालणार आणि सेकंडहँड डीएसएलआर घ्यायचा, असं ठरलंय. ती विचारते, "लेन्स निकॉनची, म्हणजे कॅमेराही निकॉनचाच घेऊ ना? दादा म्हणतो, कॅनन घे."

दादाचं लगेच ऐकू नकोस, पण निकॉनवरही झटकन भाळू नकोस हं!

निकॉनची एक गोष्ट मला फार आवडते. लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते, त्याला माऊंट म्हणतात. निकॉनने आपला एफ माऊंट १९५९ साली आणला आणि पुढे डीएसएलआरपर्यंत तोच चालवला. कॅननने १९८७ साली माऊंट बदलला, तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या लेन्स होत्या ते बिचारे अडकले.

पण गंमत पुढेच आहे. कॅननने नव्या लेन्समध्येच फोकसची मोटर बसवली. निकॉनच्या त्या काळच्या लेन्सना मात्र कॅमेऱ्यातली मोटर फिरवते. मामाची लेन्स त्यांतलीच! आणि निकॉनच्या डी ३५००, डी ५६०० अशा स्वस्त कॅमेऱ्यांत ती मोटर नाहीच. लेन्स बसेल, फोटो येईल, पण फोकस हाताने करावा लागेल. बरोबर जमला की व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका दिसतो. डी ९० किंवा डी ७००० मध्ये मोटर आहे. हे कॅमेरे जुने, अंगाने जडही. पण तुझ्या लेन्ससाठी मी तेच बघितले असते.

आता तू लिहितेस, वसईच्या किल्ल्याचे आणि खंड्याचे फोटो काढायचेत. इथे मात्र मामाची लेन्स हिरमोड करील. या कॅमेऱ्यांवर ५० मिमी जवळपास ७५ मिमीसारखी दिसते. किल्ल्यातलं मोडकं चर्च अख्खं मावायला मागे मागे सरत झुडपात शिराल! खंड्या तर ठिपक्याएवढा येईल. आजीचा चेहरा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता? त्याला हिच्यासारखी लेन्स नाही. किल्ल्यासाठी १८-५५ जोडीला घे. खंड्याला पुढच्या वर्षी बघू.

बाबांना एक सांग. आपल्या वसई-विरारची हवा दमट आणि खारी, त्यामुळे लेन्समध्ये बुरशी धरते. ब्रँड कुठलाही असो, ती कुणाला सोडत नाही. लेन्सवरची रिंग १.८ वर ठेवून मागून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्या. दुकानातली १८-५५ सुद्धा अशीच उजेडात धरून बघा. घरी कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कपाटात कोंबू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

आणि दुकानात जाताना मामाची लेन्स बरोबर न्या. कॅमेऱ्यावर लावण्याआधी तीच रिंग आता २२ वर फिरवून लॉक करायची बरं का! नाहीतर कॅमेरा 'एफ-ई-ई' अशी अक्षरं दाखवतो, क्लिक होत नाही, आणि सगळ्यांना वाटतं लेन्स बिघडली. ती बिघडलेली नसते.