टिंबापलीकडची घरं

परवा पेणच्या बाजारात अर्धा किलो पोह्याचे पापड आणि पाव किलो मिरगुंडं घेतली. पाचवीतली भाची सोबत होती. सकाळीच तिने वहीत ०.२५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी ठरवली होती. “पंचवीस पाचपेक्षा मोठे ना गं मावशी?” तेव्हा मी काही बोलले नाही. दुकानात आधी पापड काट्यावर चढले आणि लाल आकडे उमटले, ०.५००. मग मिरगुंडं, ०.२५०. ती दोन्ही आकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, पाचाच्या पुढे दोन शून्यं होती, ती आम्ही लिहीतच नाही!”

दशांश चिन्हाचं सगळं मर्म तिच्या या वाक्यात आहे. टिंबाच्या डावीकडे एकक, दशक, शतक अशी घरं दहापटीने वाढत जातात. उजवीकडची घरं त्याच हिशेबाने लहान होत जातात : दशांश, शतांश, सहस्रांश. ०.५ मधला पाच दशांशाच्या घरात बसतो, म्हणजे दहातले पाच वाटे. ०.२५ मध्ये त्या घरात दोनच आहेत, पाच पलीकडे शतांशाच्या घरात. तुलना करायची ती पहिल्या घरापासून, दोनाची पाचाशी. शेवटी कितीही शून्यं जोडली तरी किंमत बदलत नाही, कारण ती घरं रिकामीच असतात. मुलं इथे चुकतात त्याला आपण मोठी माणसं कारण आहोत. आपण ‘पॉइंट पंचवीस’ म्हणतो आणि मुलाच्या कानात अख्खे पंचवीस शिरतात. ‘पॉइंट दोन पाच’ म्हणावं, म्हणजे प्रत्येक अंक आपापल्या घरात राहतो.

खरं तर मराठी मुलाला अपूर्णांक परका नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, अगदी औटकीसुद्धा तोंडपाठ केली. पाढे गेले, पण पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द अजून रोज तोंडात असतात. त्यांची दशांशाशी गाठ तेवढी घालून द्यायला हवी. ०.२५ मध्ये टिंबानंतर दोन घरं आहेत, म्हणून छेदात १०० लिहायचे : २५/१००. अंश आणि छेद दोघांनाही २५ ने भागलं की १/४, म्हणजे आपला पाव. आणि शंभरातले पंचवीस म्हणजेच २५ टक्के. एकाच वाट्याची ही तीन नावं आहेत.

या तीन नावांचा विचार करताना मला आपल्याच भागातली दोन माणसं आठवतात. चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. ते देशाचे अर्थमंत्री असताना, १९५५ साली, नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तोवर रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत्या. शंभरावर आल्याने हिशेब दशांशात मांडता येऊ लागला आणि बेरीज-वजाबाकी सोपी झाली. सवय मात्र जिभेवर राहिली. पिकाच्या पैसेवारीला गावात अजूनही आणेवारी म्हणणारे भेटतात आणि पुरतं खरं ते ‘सोळा आणे खरं’च असतं. म्हणजे शंभर टक्के!

दुसरे विनोबा. पेण तालुक्यातल्या गागोद्यात त्यांचा जन्म झाला आणि गणितावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. १९५१ साली सुरू झालेल्या भूदानात ते जमीनवाल्यांना सांगत, पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. हा सहावा हिस्सा दशांशात लिहून बघा : ०.१६६६… सहा संपतच नाहीत. शंभर पैशांचे सहा सारखे वाटे पडत नाहीत. जुन्या रुपयाचे मात्र पडत, बरोबर ३२ पै, म्हणजे २ आणे ८ पै. म्हणून मी भाचीला सांगते की १/६ लिहिणं म्हणजे जुनाटपणा नव्हे. काही वाटे अपूर्णांकातच पूर्ण असतात. हिशेब मांडायला दशांश हाताशी असावा आणि वाटणी करताना अपूर्णांक विसरू नये.

घरी आल्यावर मी तिच्यापुढे सातबाराचा एक उतारा ठेवला. क्षेत्र होतं ०.१२.५०. “यात दोन टिंबं कशी?” पहिलं घर हेक्टरचं, दुसरं आरचं, तिसरं चौरस मीटरचं. शंभर चौरस मीटरचा आर आणि शंभर आरचा हेक्टर, म्हणून पुढच्या प्रत्येक घराला दोन अंक. इथे एक शून्य गळालं तर काय होतं तेही दाखवलं. पाच आर म्हणजे ०.०५ हेक्टर. मधलं शून्य पडलं की ०.५ हेक्टर, म्हणजे पन्नास आर. जमीन कागदावर दहापट झाली! जमिनीचे व्यवहार वाढत चाललेल्या या तालुक्यांत प्रत्येक घरात एक तरी माणूस हे शून्य वाचू शकणारा हवा.

मग तिने स्वतः मांडलं : १२५०/१०००० हेक्टर. भाग देत देत आली १/८ वर. टक्के किती विचारल्यावर म्हणाली, “साडेबारा.”

साडेबारा टक्के! आपल्या जिल्ह्यात हा आकडा कुणाला ठाऊक नाही? शेजारच्या पनवेल-उरणमध्ये सिडकोसाठी जमिनी गेल्या. त्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि विकसित भूखंड परत देण्याची जी योजना आली, ती याच आकड्याच्या नावाने ओळखली जाते. भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. थोडक्यात सांगितल्यावर तिने वहीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “म्हणजे आठ गुंठे गेले तर एक परत?”

टक्क्यांत ऐकलेला आकडा तिने वाट्यात करून पाहिला होता. गणित यासाठीच शिकायचं असतं.