सपरीचे छायाचित्र

आजचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता. या मुलखातील ग्रामजीवनाची जुनी छायाचित्रे शोधू जावे तर हाती येतात ती माणसांची, घरांची क्वचितच. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील छायाचित्रांत माणसे बहुधा जातीचे नमुने म्हणून उभी आहेत. मालगुजाराच्या दिवाणखान्यातली छायाचित्रे फेट्याची आणि खुर्चीची. मातीच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर असलेल्या घराकडे कॅमेरा फारसा वळलाच नाही.

ही उणीव केवळ हौशी संग्राहकांची नव्हे. झाडीपट्टीतील घर हे निवाऱ्याइतकेच उत्पादनाचेही साधन होते. सपरीत, म्हणजे ओसरीत, धानाची ढोली. तिथेच तेंदूपाने कातरून विड्या वळणाऱ्या स्त्रिया. मागे सांदवाडीत वालाचा मांडव. बाजारात न येणाऱ्या उत्पन्नाचा अंदाज बांधताना अर्थशास्त्र नेहमीच चाचपडत आले आहे. अशा ठिकाणी एक स्वच्छ छायाचित्र पुष्कळ सांगून जाते.

आता कॅमेरा या घरांपर्यंत पोहोचला आहे, पण तो सरकारी कामासाठी. २०१६ पासूनच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत लाभार्थ्याच्या जुन्या घराचे स्थाननिर्देशासह छायाचित्र घेतले जाते. पुढे बांधकामाच्या टप्प्यांच्या छायाचित्रांवर अनुदानाचे हप्ते सुटतात. मातीच्या घरांचा एवढा मोठा चित्रसंग्रह पूर्वी कधी झाला नसेल, आणि तो हिशेबतपासणीपलीकडे कोणी पाहतही नसेल!

पक्क्या घराला विरोध करण्याचे कारण नाही. गळक्या कवेलूंचे कौतुक पावसाळा त्यांच्याखाली न काढणाऱ्यांनाच सुचते. परंतु योजनेने ठरविलेल्या किमान २५ चौरस मीटरांत स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. तेथे सपरी बसवायची कोठे, हा प्रश्न विडी वळणारीने विचारला तर त्याला उत्तर हवे.

ते शोधायचे तर जुन्या घराची नोंद हाताशी असली पाहिजे. कुटुंबाची संमती घेऊन आणि नावे वगळून ही छायाचित्रे जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवता येतील. घर पाडण्यापूर्वी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सपरीचे आणि सांदवाडीचे आणखी एकेक छायाचित्र घ्यावे, कोठे काय ठेवीत हे घरातल्या आजीला विचारून लिहून घ्यावे. चौकटीत ढोली आली, तर ती बाजूला सरकवू नये.