सभ्य वेषातील सैतान

अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या अवधीत पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा जो ग्रंथ लिहिला, त्यात संस्कृत नाटकाचा विचार करताना, 'फाउस्ट' या नाटकाच्या आरंभीच्या प्रस्तावनेची कल्पना जर्मन कवी गटेला शाकुंतलावरून सुचली असे म्हणतात, अशी नोंद त्यांनी केली आहे. ही प्रस्तावना आपल्या ओळखीची खरी. परंतु तिच्यानंतर फाउस्टच्या अभ्यासिकेत प्रवासी विद्यार्थ्याच्या वेषात जो प्रकटतो, आणि पुढे रेशमी झगा पांघरून, टोपीत पीस खोवून उमरावाच्या थाटात वावरतो, तो सैतान मेफिस्टोफेलिस आपल्या पुराणांतील कोणत्याही असुराच्या कुळातला नाही.

आपल्याकडे मोहकता हे देवाचे आयुध आहे. असुरांना भुलवून देवांच्या पंक्तीला अमृत वाढणारी मोहिनी हे विष्णूचेच रूप, आणि त्या मोहिनीराजाचे मंदिर आमच्या नेवाशाला आहे. असुराने सौजन्य धारण केलेच, तर ते रावणाच्या भिक्षुवेषाप्रमाणे घटकाभराचे. जर्मन उपरोधकारांनी मात्र सैतानाचे सौजन्य अस्सल ठेवले. शामिसोच्या १८१४ च्या 'पीटर श्लेमील' या कथेतील करड्या कोटातला गृहस्थ धनिकाच्या मेजवानीत आपल्या खिशातून दुर्बीण, गालिचा, तंबू, इतकेच काय पण खोगीर चढवलेले तीन घोडे काढून देतो, तरी ते पाहून कोणालाही नवल वाटत नाही, इतका त्याचा वावर अदबीचा. नायकाची सावली विकत मागताना तो संकोचतो, मोबदल्यात कधीही रिती न होणारी थैली देतो, आणि कालांतराने आत्म्याचा करारनामा सहीसाठी पुढे करतो तोही आर्जवानेच. जबरदस्ती नाही, मजकुरात लपवाछपवी नाही. त्यामुळे उपरोधाचा सारा रोख सैतानावरून निघून सही करणाऱ्यावर आणि थैलीपुढे लवणाऱ्या समाजावर येतो. व्हिल्हेल्म हाउफच्या १८२५-२६ मधील सैतानाच्या आठवणींत तर तो विद्यापीठात शिकतो आणि प्रतिष्ठितांच्या बैठकीत सहज सामावतो.

हे साहित्य आपल्याला परके वाटू नये. आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातच, शेवगाव तालुक्यात, शेअर बाजारातील भरघोस परताव्याच्या आमिषाने अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गेली. ती मागायला आलेली माणसे मृदुभाषी होती, आणि रक्कम स्वखुशीने दिली गेली. दाढा-सुळ्यांच्या राक्षसावर वाढलेले मन अशा वेळी बेसावध राहते, असे माझे स्पष्ट मत आहे. धाक घालणाऱ्या दुष्टाला ओळखण्यास कोणाच्याही शिकवणीची गरज नसते. आपल्याच लोभाला नम्रपणे होकार देणारा दुष्ट दाखवून देणे, हे काम उपरोधाइतके समर्थपणे दुसरा कोणताही वाङ्मयप्रकार करू शकत नाही.

विंदा करंदीकरांनी 'फाउस्ट'चा पहिला भाग १९६५ साली मराठीत आणला. जर्मन जाणणाऱ्या मराठी अभ्यासकांनी शामिसो आणि हाउफ मूळ भाषेतून, टिपांसह, मराठीत आणावेत, आणि तालुक्या-तालुक्यांतील सार्वजनिक वाचनालयांनी ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचवावेत, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.