सहा पडायची अट कुठे गेली? लूडोच्या बदलत्या नियमांमागचा हिशेब

घरच्या लूडोत सहा पडेपर्यंत सोंगटी हलत नाही. पैसे लावायच्या ॲपवर मात्र ही अट गेली. 'लूडो सुप्रीम'मध्ये सोंगट्या सुरुवातीपासूनच बाहेर, घड्याळ चालू, वेळ संपला की ज्याचे पॉइंट जास्त तो विनर. 'लूडो निंजा'त तर पुढे कोणते आकडे पडणार, तेही आधीच दिसायचे.

खेळ फास्ट व्हावा, हे एक कारण झालं. पण माझ्या मते मोठं कारण कायद्याचं होतं. आपल्याकडे पैशांच्या खेळात कोर्टात एकच प्रश्न यायचा: हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा? नशिबाचा असेल तर तो जुगार. 2021 मध्ये लूडो सुप्रीमवरूनच मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. लूडो नशिबाचा खेळ आहे, त्याला जुगारबंदीचा कायदा लावा, अशी मागणी होती. म्हणजे फाशाचं वजन जितकं कमी, तितकी कंपनीची बाजू भक्कम.

तसे नियम पूर्वीही बदललेच. वेरूळला गेलात तर कैलास बघून लगेच परत फिरू नका. 14, 21 आणि 29 नंबरच्या लेण्यांत शिव-पार्वती फासे खेळताना कोरलेत. सारीपाट, पचिसी हे त्याच घराण्यातले खेळ. पचिसीत समोरासमोर बसलेले दोघं भिडू असतात आणि कवड्या टाकून दान घेतात. 1896 मध्ये इंग्लंडमध्ये लूडोचं पेटंट निघालं, तेव्हा कवड्यांच्या जागी चौकोनी फासा आला आणि भिडू गेला. जो तो आपापला! पण लूडो आला म्हणून कुणाच्या पेटीतला सारीपाट गायब झाला नाही.

फोनवर तसं होत नाही. अपडेट आला की जुना खेळ गेला, आणि फासाही कंपनीच्या सर्व्हरवर पडतो. ही गोष्ट फक्त लूडोची नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन खेळायचा अमेरिकन खेळ. 2024 मध्ये त्याची नवी नियमपुस्तकं आली, तेव्हा कंपनीने आपल्या ऑनलाइन सेवेत खेळाडूंच्या पात्रांकडचे जुने मंत्र बदलून नवे टाकायचं जाहीर केलं. खेळाडू भडकले, मग कंपनीने माघार घेतली. छापील पुस्तक घेतलेल्यांना ही भीतीच नव्हती.

आपल्याकडे असा गोंगाट व्हायची वेळच आली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि नशीब-कौशल्य हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर खेळ बंद. तो चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटी रुपयांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. लूडो सुप्रीमवाल्या झुपीने पैशांचे खेळ लगेच थांबवले. गेमिंग कंपन्या कोर्टात गेल्या. नवी मुंबईच्या कंपनीचा 'लूडो किंग' बिनपैशांचा, त्यामुळे तो चालूच राहिला.

आता टेलिग्रामवर कुणी 'कॅश लूडो'ची एपीके फाइल पाठवली, तर तिथे फासा कोण टाकतो हे विचारायलाही समोर कुणी नसेल. पैसे अडकले तर तक्रारीसाठी सायबर हेल्पलाइन 1930.