दुसरा आकडा

गेल्या पावसाळ्यात भंडाऱ्याच्या जिल्हास्तरीय शालेय बेसबॉलचा एक सामना बघायला गेलो होतो. मैदान ओलं, रेषा पुसट झालेल्या. आउटफील्डला चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा उभा होता, डावखुरा. शाळेकडचे सगळे ग्लोव्ह उजव्या हातानं फेकणाऱ्यांचे, म्हणजे डाव्या हातात घालायचे. त्यानंही तसाच घातला होता. चेंडू आला की ग्लोव्हनं अडवायचा, ग्लोव्ह काखेत दाबून डावा हात सोडवायचा, आतला चेंडू काढायचा आणि मग त्याच डाव्या हातानं फेकायचा. एवढ्या खटाटोपानंतरही चेंडू टप्पा न पडता थेट कॅचरच्या हातात. मी तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा तसंच. डाव बदलला की तोच ग्लोव्ह समोरच्या संघातल्या पोराकडे जायचा. विचारलं तर म्हणाला, "उलट्या हाताचा ग्लोव्ह नाही जी सर."

अमेरिकेत डावखुऱ्या पिचरला शोधत माणसं गावोगाव फिरतात. स्काउट म्हणतात त्यांना. शाळेच्या मैदानाकडेला रडार गन आणि स्टॉपवॉच घेऊन बसतात आणि पोराच्या एकेका गुणाला वीस ते ऐंशीच्या पट्टीवर आकडा देतात. पन्नास म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमधला सरासरी खेळाडू. मला या पद्धतीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. स्काउट प्रत्येक गुणापुढे दोन आकडे लिहितो: आज किती आणि पुढे किती होऊ शकेल. सोळा-सतरा वर्षांच्या पोराचा आजचा आकडा तीस असेल, पण खांद्याची ठेवण, मनगट, उंची आणि हट्ट बघून तो दुसरा आकडा साठ लिहितो. तो लिहिण्यासाठी एकदा बघून भागत नाही. ऊन असताना बघावं लागतं, हरल्यावर बघावं लागतं, पुढच्या वर्षी परत यावं लागतं.

निवड झाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं तिथेही नाही. ड्राफ्टच्या वीस फेऱ्या होतात, त्यात निवडलेली पोरं मायनर लीगच्या पायऱ्या चढू लागतात आणि त्यातली बहुतेक वरपर्यंत पोचतच नाहीत. आपल्याकडच्या दोघांनी हे अनुभवलंय. २००८ साली वेगानं चेंडू फेकणारे हात शोधायला एक स्पर्धा भारतात भरली. त्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पुढे आले. दोघंही भालाफेकपटू, बेसबॉल कधी हातात न घेतलेले. हा रिंकू क्रिकेटवाला नव्हे. हा डावखुरा पिचर. त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांशी करार केला. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कुणी गेलं नाही. दिनेश २०१० साली परतला, रिंकूनं काही हंगाम काढले, मग कोपरानं दगा दिला. तरी मी त्याला अपयश म्हणणार नाही. भालाफेकीत कुणीतरी पिचिंग पाहिलं, हीच मोठी गोष्ट.

इतक्या लांब कशाला, आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातला उमेश यादव घ्या. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. वयाच्या एकोणीस-विसाव्या वर्षापर्यंत टेनिस बॉल क्रिकेट खेळला. लेदर बॉल हातात आला तेव्हा वेग भरपूर, दिशेचा पत्ता नाही. आजचा आकडा मांडला असता तर नापासच. पण विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधेनं दुसरा आकडा पाहिला. २००८ मध्ये उमेश रणजी खेळला, नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी. विदर्भाच्या संघातून भारताच्या कसोटी संघात गेलेला तो पहिला.

आपल्या जिल्ह्यात हा दुसरा आकडा लिहायचं काम कुणाचं आहे? क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या आहेत: उंची, वजन, तीस मीटर धाव, जागेवरून उडी, आठशे मीटर. त्या हव्यातच, त्यातून राज्याला चांगले खेळाडू मिळाले. पण त्या त्या दिवसाचंच माप सांगतात. आदल्या रात्री ताप असलेलं, अनवाणी पळायची सवय असलेलं पोर तिथेच गळतं. मग उरतं प्रमाणपत्र. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, यासाठी आईबाप मुलाला बेसबॉल-सॉफ्टबॉल खेळू देतात. यात त्यांचं काहीच चुकत नाही. धानाच्या दोन एकरांवर घर चालवणाऱ्या बापाला पोराच्या खेळातून नोकरी दिसली तर तो हिशेब मी चुकीचा कसा म्हणू? चूक आहे ती प्रमाणपत्र हातात आलं की त्या हाताकडे बघणं बंद करणाऱ्या आपल्या व्यवस्थेची.

जिल्ह्यात सात तालुके आहेत. तुमसर, मोहाडी, भंडारा, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी. प्रत्येक तालुक्यात एक निवृत्त क्रीडाशिक्षक किंवा जुना खेळाडू नेमा. त्याला प्रवासभत्ता आणि एक वही द्या. धानकापणी आटोपली की गावोगाव मंडई भरते, कबड्डीचे सामने होतात, मोकळ्या बांध्यांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. त्यानं तिथे जावं. एकेका पोराला वर्षातून तीनदा बघावं आणि नावापुढे दोन आकडे लिहावेत. वही दरवर्षी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या टेबलावर यावी आणि अधिकारी बदलले तरी तिथेच राहावी. सात माणसांचा हा खर्च जिल्हा नियोजन समितीला जड नाही.

तो डावखुरा पोरगा पुढच्या वर्षी दहावीला जाईल. वाचकांपैकी कुणाकडे उजव्या हातात घालायचा बेसबॉलचा ग्लोव्ह पडून असेल, तर पावसाळ्याआधी जवळच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे नेऊन द्या.